दिवा दरवर्षीचाच होता

माझ्या बायकोने मला घरातल्या कपाटांवरून बोट फिरवायला बंदी घातली आहे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी ती माझ्या उजव्या हातावर नजर ठेवून असते. काम सोडून चार वर्षे झाली, पण नव्या खोलीत शिरलो की हात आपोआप उंच जागी जातो, बोट धुळीवरून फिरते आणि मी ते उजेडात धरून बघतो. "हे घर आहे, कारखाना नाही," ती म्हणते. तिचे बरोबरच आहे. पण ही सवय का जात नाही, ते तिला ठाऊक आहे, म्हणून ती फार ओरडत नाही.

मी विम्याचा सर्वेयर होतो. लोकांना वाटते, हा माणूस गाडीला ठोकर बसली की फोटो काढायला येतो. तेही केले. पण माझे खरे काम कारखान्यांचे. विमा उतरवण्याआधी कारखाना बघायचा, धोके लिहून द्यायचे आणि पुढे कधी आग लागली किंवा स्फोट झाला तर ती कशाने झाली हे शोधायचे. मी पोचायचो तोवर आगीचा बंब परत गेलेला असायचा, सगळीकडे काळे पाणी साचलेले असायचे आणि कारण काय ते प्रत्येकाला आधीच माहीत असायचे. माझी अर्धी नोकरी ही माहीत असलेली कारणे बाजूला सारण्यात गेली.

द्वारका चौकाजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे स्वयंपाकघर उडाले होते. पेपरात छापून आले, 'सिलिंडरचा स्फोट'. मी गेलो तर ओट्याखाली सिलिंडर सुखरूप उभा. साधा पोचाही नाही. भिंत मात्र खाली रस्त्यावर. घरातल्या आजींनी मला सांगितले, "मला वास आला हो. म्हणून तर मी पंखा लावला, गॅस बाहेर जावा म्हणून."

तिथेच सगळे आले. गॅस हवेत मिसळला होता. शंभर भागांत दोनाहून कमी गॅस असता तर पेटला नसता. दहाच्या वर गेला असता तरी पेटला नसता, कारण मग जळायला हवाच पुरत नाही. मधल्या चिंचोळ्या पट्टीत तो नेमका होता, आणि पंख्याच्या बटणात एक ठिणगी पडली. आजींनी जे केले ते कुठल्याही शहाण्या माणसाने केले असते. त्या वाचल्या, कारण बटण दाराबाहेरच्या भिंतीवर होते.

मालेगावची गोष्ट वेगळी. तिथे यंत्रमागाच्या सुताला खळ लावायच्या कारखान्यात बॉयलर फुटला होता, आणि तिथे काहीच पेटले नव्हते. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पट जागा लागते. ती मिळाली नाही की ती भिंत पाडून घेते. जास्तीची वाफ सोडायला बॉयलरवर एक झडप असते. त्या झडपेच्या दांड्याला तारेने वीट बांधलेली मला सापडली. बॉयलर सांभाळणारा चाचा, फुटला तेव्हा चहाला गेलेला, मला अगदी सरळपणे म्हणाला, "साब, वो दिनभर सीटी मारती थी. सर दुखता था. तो मैंने चुप करा दिया."

तर स्फोट म्हणजे काय, असे कुणी विचारले की मी एवढेच सांगतो: खूप सारा वायू अचानक तयार होतो किंवा अचानक तापून फुगतो, आणि त्याला बाहेर पडायला वेळही मिळत नाही, वाटही मिळत नाही. तो कशाने तयार झाला, हा पुढचा प्रश्न. त्या पुढच्या प्रश्नावर मी तीस वर्षे जगलो. आणि तो प्रश्न मला सगळ्यात नेमका विचारला तो शाळेचे तोंडही न पाहिलेल्या एका बाईने.

दिंडोरीच्या बाजूला गंधक दळण्याचा एक छोटा कारखाना होता. द्राक्षाच्या वेलीवर भुरी नावाचा पांढरा रोग पडतो. त्यावर गंधकाची पूड मारतात. ऑक्टोबरची छाटणी झाली की या पुडीला मागणी येते. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, मध्ये दळायचे यंत्र, एका टोकाला पोती भरायची जागा. सगळे पिवळे. कामगारांच्या भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या. जेवायच्या सुट्टीत ती माणसे झाडाखाली बसली की हळद लागलेली वऱ्हाडी मंडळी वाटायची.

मालकांना सगळे अण्णा म्हणत. स्वतःही द्राक्षबागाईतदार, जीभ गोड, कागदपत्रे चोख. मी श्रावणात विम्याच्या पाहणीला गेलो तेव्हा त्यांनी शिडी मागवली, कारण मीच मागितली. वर चढून छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांवरून बोट फिरवले. थर इतका होता की माझे नाव लिहिता आले असते. खाली उतरून मी बोट अण्णांना दाखवले.

"वर कोण जातंय साहेब," ते हसून म्हणाले. "खालचं रोज झाडतो आम्ही."

"खालच्यापेक्षा वरचं वाईट," मी म्हणालो, आणि अहवालात लिहिले: 'छताच्या कैच्या व आडव्या पट्ट्यांवर गंधकाच्या धुळीचा जाड थर आढळला. तो तातडीने काढावा.' खाली सही केली. चांगला अहवाल होता. मला त्याचा अभिमान वाटला, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

खंडेनवमीच्या दिवशी तो कारखाना उडाला.

बातमी ऐकून पहिले काय मनात आले, ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मनात आले, मी बजावले होते. त्या अहवालाची प्रत पिशवीत घालूनच मी निघालो. आमच्याकडे तेव्हा आधीची पाहणी करणारा आणि नंतर कारण शोधणारा एकच माणूस असे, त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. गाडी चालवताना मी मनात अण्णांशी बोलण्याची तयारी करत होतो. मी ती थोडी कडकच केली होती.

पत्रे शेजारच्या टोमॅटोच्या शेतात जाऊन पडले होते. घशात खवखवणारा, काडी ओढल्यासारखा वास अजून होता. चौघे भाजले होते. त्यातला रामदास सगळ्यात जास्त, दोन्ही हात आणि चेहरा. जीव कुणाचा गेला नाही, कारण यंत्रांच्या पूजेसाठी शेडची मोठी दारे सताड उघडी होती आणि बराच जोर तिकडून निघून गेला.

नवल असे की त्या दिवशी कारखान्यात काहीच चालू नव्हते. दळायचे यंत्र सकाळपासून बंद. त्याला धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातलेल्या. मुख्य वीज बंद. माणसे धुतलेल्या कपड्यांत. वर्षातला सगळ्यात निवांत दिवस, आणि नेमका त्या दिवशी.

फाटकाशी बसलेल्या हवालदारांना यात काही नवल वाटत नव्हते. "बाईनं दिवा लावला आन् उडालं," ते म्हणाले. "यात शोधायचं काय साहेब? निष्काळजीपणाचा गुन्हा हाय. तुमचा रिपोर्ट आला की नाव टाकतो."

ती बाई म्हणजे यमुना. रामदासची बायको. दोघे सुरगाण्याकडच्या डोंगरातले. भात काढून झाला की ही माणसे द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतात. ही दोघे एका वर्षी उतरली आणि अण्णांकडे कायमची राहिली. ज्या वर्षी यमुनाने पहिल्यांदा यंत्रापुढे दिवा लावला त्या वर्षी धंदा दुप्पट झाला, म्हणून अण्णांनी ठरवून टाकले की हिच्या हाताला गुण आहे. तेव्हापासून दर खंडेनवमीला दिवा यमुनानेच लावायचा. आता त्याच हाताबद्दल लोक वेगळे बोलत होते. रामदासची बहीण गावाहून आली होती, आणि इस्पितळात भावाला ती यमुनाच्या हातचे पाणीसुद्धा घेऊ देत नव्हती. रामदासही घेत नव्हता.

यमुना मला शेडबाहेरच्या नळाशी भेटली. दिवा लावून ती दारापर्यंत आली होती, म्हणून भाजण्यातून वाचली होती. मी कोण, कशाला आलो, ते सांगितले. तिने मान हलवली आणि हातातली बादली खाली ठेवली.

"साहेब, एक इचारू? ह्यो दिवा मी दरवर्षी लावते. त्याच जागी, त्याच ताटात. तवा कवाच काय झालं नाय. यंदाच का उडालं?"

मी म्हणालो, "तेच बघायला आलोय."

"बाकी कुणी नाय इचारत. समदे म्हणत्यात, तू लावला, झालं. मी म्हणते, मंग माझ्या हातात यंदाच काय वंगाळ आलं?"

मी शेकडो साक्षी घेतल्या आहेत. कधी लागली, कुठे लागली, कुणी लावली, हे सगळे विचारतात. यंदाच का, हे कुणी विचारत नाही. ठिणग्या जगात रोज पडतात. स्फोट शोधायचा असेल तर ठिणगीपेक्षा तिच्या भोवतीच्या हवेत त्या दिवशी वेगळे काय होते, ते शोधावे लागते.

मी आत गेलो आणि वर बघितले. पश्चिमेकडच्या अर्ध्या कैच्या बोडक्या, लोखंड लख्ख उघडे. पूर्वेकडच्या अर्ध्यांवर जळक्या गंधकाचा काळपट लगदा. दोन्हींच्या मधोमध एक शिडी आडवी पडली होती. शिडीखाली हवेची नळी होती, तिच्या टोकाला पिस्तुलासारखी तोटी. अशा नळीने गॅरेजवाले इंजिनावरची माती उडवतात. बाहेर हवा दाबून भरायचे डिझेलवरचे यंत्र उभे होते, टाकी अजून अर्धी भरलेली.

साक्षीदारांनी दोन आवाज ऐकले होते. आधी फुस्स, मग एका श्वासाच्या अंतराने धाड. यमुनाने सांगितले, "आधी निळा जाळ ताटावरून वर पळाला. मंग पत्र्यावरून पिवळा पाऊस पडला. मंग काय दिसलंच नाय." याहून चांगली साक्ष मला कधी मिळाली नाही. तोटीने उडवलेली धूळ खाली तरंगत होती, ती दिव्यावर पेटली. ती पहिली, लहान. तिच्या हादऱ्याने उरलेल्या अर्ध्या कैच्यांवरचा थर एकदम खाली झडला, तो पेटला. ती दुसरी, मोठी.

एवढे जमले तेव्हा अण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांचा एक हात गळ्यात बांधलेला होता. माझी कडक भाषणाची तयारी मला आठवली. मी विचारले, "हवेने साफ करायचं कुणी काढलं?"

अण्णांच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. ते म्हणाले, "साहेब, तुम्हीच लिहिलं होतं ना, वरची धूळ काढा म्हणून. दरवर्षी आम्ही खंडेनवमीला खालीच झाडतो. यंदा म्हटलं, साहेबांनी लिहिलंय, वरपर्यंत करू. झाडूनं पोचत नव्हतं, म्हणून हवेची नळी मागवली भाड्यानं. अर्धं झालं, तोवर मुहूर्त टळायला आला. रामदास वरच होता. मीच म्हणालो, यमुने, दिवा लाव, तो उतरेल मागून."

माझ्या पिशवीत ती प्रत होती. मी ती काढून वाचली. 'तो तातडीने काढावा.' कसा काढावा, ते लिहिलेले नव्हते. गंधकाची धूळ ओल्या फडक्याने टिपायची असते, कधीही उडवायची नसते, हे मला पाठ होते. इतके पाठ होते की ते लिहावे लागेल असे मला वाटलेच नाही. वर्षानुवर्षे ती धूळ त्या कैच्यांवर स्वस्थ बसून होती आणि यमुनाचा दिवा खाली स्वस्थ जळत होता. दोघांची गाठ मी घालून दिली होती.

अहवालात मी 'उघड्या ज्योतीमुळे पेट घेतला' एवढे लिहिले असते तरी ते खोटे ठरले नसते. विमा कंपनीला तेवढे पुरले असते, हवालदारांना तर तेच हवे होते. मी तो कागद तीन आठवड्यांहून जास्त लांबवला. रोज सकाळी टेबलाशी बसायचो आणि दुसरे कुठले तरी काम काढायचो. बायकोने एकदा विचारले, "अजून कारण सापडलं नाही का?" मी म्हणालो, सापडले, म्हणूनच.

दिवाळीनंतर रामदास इस्पितळातून सुटला. मी त्यांच्या खोलीवर गेलो. अण्णांच्या मळ्याच्या कडेला कामगारांच्या खोल्या होत्या. अंगणात बाजेवर रामदास, हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले. बहीण शेजारी. यमुना लांब, चुलीपाशी. मी तिला म्हणालो, "तू मला एक विचारलं होतंस. त्याचं उत्तर दाखवतो. नागलीचं पीठ आहे का कोरडं?"

तिने नाचणीच्या पिठाचा डबा आणला. मी ताटलीत पिठाचा ढीग केला आणि त्यात पेटती काडी खुपसली. काडी विझली. बहीण म्हणाली, "पीठ कुठं पेटतंय?"

"नाही पेटत," मी म्हणालो. "ढिगाच्या आत हवा जात नाही. वरचा एक पदर जळतो, तोही कसाबसा. लाकडाचा ओंडका पेटायला वेळ लागतो आणि त्याचाच भुसा भसकन जातो, तसंच."

मग अंगणाच्या कडेला पणती लावून ठेवली, सगळ्यांना मागे सरकवले, चुलीच्या फुंकणीच्या तोंडात चिमूटभर पीठ घातले आणि हात लांब करून पणतीच्या वरून फुंकले. पीठ हवेत पसरले आणि क्षणभर अंगणात हातभर जाळ उठून नाहीसा झाला. बहिणीने पदर तोंडाशी नेला.

"तेच पीठ," मी म्हणालो. "तीच पणती. आता प्रत्येक कणाभोवती हवा होती, म्हणून सगळे एकदम जळाले. इथे अंगण मोकळं आहे, म्हणून नुसता जाळ झाला. हेच बंद पत्र्याखाली, पोतंभर झालं, तर तापलेल्या हवेला जायला जागा नाही. मग ती पत्रा घेऊन जाते."

यमुना पणतीकडे बघत होती. "म्हंजे दिवा दरवर्षीचाच व्हता," ती म्हणाली.

"दरवर्षीचाच होता. धूळ यंदा हवेत होती."

रामदास पहिल्यांदा बोलला. "म्हंजे धूळ मी उडवली."

"तू उडवलीस, कारण अण्णांनी सांगितलं. अण्णांनी सांगितलं, कारण मी लिहिलं होतं धूळ काढा. कशी काढायची, ते लिहायचं राहिलं माझ्याकडून."

 मला वाटले होते की बोलून मोकळे वाटेल. तसे काही झाले नाही. रामदासच्या हातांकडे बघवत नव्हते.

यमुनाने विचारले, "ह्ये कागदावर हाय का?"

"धूळ काढा एवढंच आहे, माझ्या पहिल्या कागदावर."

"मंग दुसऱ्या कागदावर समदं लिवा. पोलीस कागुदच वाचत्यात."

"लिहितो," मी म्हणालो.

तिने ताटलीतले पीठ परत डब्यात ओतायला घेतले. तेवढ्यात रामदास म्हणाला, "पाणी दे गं." बहीण उठायला लागली. तो म्हणाला, "तू नको." यमुनाने तांब्या आणला आणि त्याच्या ओठांना लावला, कारण त्याला धरता येत नव्हता. मी चपला घालून निघालो.

तो अहवाल मी त्याच रात्री लिहिला. त्यातले एक वाक्य मला आजही तोंडपाठ आहे: 'धुळीचा थर काढण्याची सूचना खाली सही करणाऱ्याने दिली होती, पण तो उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावा, ही आवश्यक सूचना त्याने दिली नाही.' खाली सही केली. पोलिसांनी मला दोनदा बोलावून घेतले. यमुनाचे नाव गुन्ह्यात आले नाही. त्या विमा कंपनीने त्यानंतर मला काम दिले नाही, आणि मी त्यांना कधी का म्हणून विचारले नाही. दुसऱ्या कंपन्यांसाठी लिहिलेल्या माझ्या सूचना मात्र लांबत गेल्या. धूळ काढा, अशी काढा, अशी काढू नका, काढताना दिवा-बिडी-वेल्डिंग बंद ठेवा. एक तरुण अधिकारी मला म्हणाला, "गांगुर्डे साहेब, तुम्ही काय स्वयंपाकाचं पुस्तक लिहिता का?" मी हो म्हणालो.

पुढच्या वर्षी अण्णांनी नवी शेड बांधली आणि खंडेनवमीला मला बोलावले. आमच्या घरात ही पूजा नसते, पण मी गेलो. साफसफाई दोन दिवस आधी झाली होती, ओल्या फडक्यांनी, मी लिहून दिल्याप्रमाणे. यंत्राला नुसती फुले आणि कुंकू. दिव्याचे ताट बाहेर लांब, कडुनिंबाखाली. रामदास उभा होता. डाव्या हाताची बोटे त्याला अजून पूर्ण मिटता येत नव्हती, पण नारळ त्यानेच धरला होता.

अण्णा म्हणाले, "यमुने, लाव."

यमुनाने काडी हातात घेतली, पण ओढली नाही. ती माझ्याकडे वळली. "साहेब, लावू का?"

तीस वर्षांत माझ्या सहीवर कितीतरी कारखाने चालू झाले असतील. असे समोर उभे राहून, काडी हातात धरून, मला कुणी विचारले नव्हते. सगळे थांबले होते. अण्णांनी घड्याळाकडे बघितले.

"थांब," मी म्हणालो. शेडमध्ये गेलो, शिडी लावली, वर चढलो आणि कैच्यांवरून बोट फिरवले. पहिली, दुसरी, मग शेवटपर्यंत सगळ्या. खाली येऊन बोट उन्हात धरले आणि तिला दाखवले. तिनेही ते नीट बघितले.

"लाव," मी म्हणालो.